वरून दिसणारे नागपूर

विमान आपल्या सर्वांच्या डोक्यावरून जाते. पण विमानात बसून खाली पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी थोड्यांच्याच वाट्याला येतो. आपली माणसे परगावी जातात ती रेल्वेने, फार तर ट्रॅव्हल्सने. त्यामुळे आपले शहर वरून कसे दिसते, आपली वस्ती वरून कशी दिसते, हा प्रश्नच आपल्या घरात निघत नाही. आमच्या घरात तो निघाला आणि गेली काही वर्षे आम्ही त्याच्याच मागे आहोत. ती हकीकत या पानावर सांगावीशी वाटली. त्यात मुलांना शिकण्यासारखे आहे आणि मोठ्यांनी विचार करण्यासारखेही आहे.

आम्ही दोघे नवरा-बायको नागपुरात लहानसा फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, जुन्या फाटक्या फोटोंची दुरुस्ती, हे आमचे पोट. मोबाईल घरोघरी आला तसे फोटो काढून घ्यायला येणारे कमी झाले आणि संध्याकाळ मोकळी राहू लागली. २०१७ साली आमच्या पुतण्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर विमान चालवण्याचा एक प्रोग्राम टाकून दिला. अशा प्रोग्रामला सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असा प्रोग्राम १९८२ पासून आहे. आमच्याकडे आला तो एक्स-प्लेन, तो १९९५ पासून निघतो. पोरे त्याला गेम म्हणतात, पण तो नुसता खेळ नव्हे. पंखाच्या एकेका भागावर हवेचा किती जोर पडतो याचे गणित तो सतत करीत असतो आणि त्याप्रमाणे विमान हलते. घाई केली तर विमान पडते. शिकणाऱ्याला धीर धरावाच लागतो.

साहजिकच आम्ही पहिल्यांदा आपले गाव शोधले. विमानतळ सापडला. पूर्वी आपण ज्याला सोनेगावचा विमानतळ म्हणत होतो आणि ज्याला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले, तोच. ३,२०० मीटरची धावपट्टीही बरोबर होती. पण विमान वर उठले आणि खाली पाहिले तर ते नागपूरच नव्हते! उतरत्या छपरांची टुमदार घरे, मध्ये हिरवळ, जणू परदेशातले एखादे उपनगर. टिनाची छपरे नाहीत, सिमेंटचे पत्रे नाहीत, गच्चीवरच्या काळ्या टाक्या नाहीत.

आमचे बाबा शेजारी बसले होते. बाबांनी याच विमानतळावर तीस वर्षांहून अधिक काळ ठेकेदाराच्या हाताखाली रोजीने गवत कापले. धावपट्टीच्या कडेचे गवत वाढले की पाखरे येतात आणि पाखरू विमानाच्या इंजिनात गेले की घात होतो, म्हणून ते काम महत्त्वाचे. पण बाबा स्वतः विमानात कधी बसले नाहीत. त्यांनी पडद्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “हे कोणतं गाव होय?”

त्यांच्या या एका प्रश्नाने आम्हांला कामाला लावले.

असे का होते ते आधी सांगतो. साऱ्या पृथ्वीचे खरे चित्र एका प्रोग्रामात मावणार नाही. म्हणून बनवणारे जमिनीची उंची घेतात, रस्ते आणि नद्या ओपन स्ट्रीट मॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरून घेतात आणि बाकीचे अंदाजाने भरतात. इथे शहर आहे ना, मग टाका शहरासारखी घरे. इथे शेती आहे ना, मग अंथरा शेतासारखे चित्र. ज्याने अंदाज बांधला त्याने आपली गल्ली पाहिलेली नसते. मग त्याच्या डोळ्यासमोर जी घरे असतात, तीच आपल्या जागेवर उभी राहतात.

यावर उपाय असा की, अंदाजाचे चित्र काढून त्या जागी उपग्रहातून किंवा विमानातून घेतलेले खरे छायाचित्र अंथरायचे. त्यासाठी ऑर्थो-फोर-एक्स-पी नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. पृथ्वीवर आडव्या-उभ्या रेघा कल्पिलेल्या असतात, अक्षांश आणि रेखांश, हे आपल्या मुलांना भूगोलात असतेच. एक अंश बाय एक अंश असा चौकोन घ्यायचा, त्याला टाइल म्हणतात. नागपूरची टाइल २१ ते २२ अक्षांश आणि ७९ ते ८० रेखांश अशी. एका बाजूला सुमारे ११० किलोमीटर, दुसऱ्या बाजूला सुमारे १०४. रामटेक, खिंडसी तलाव, तोतलाडोहचे धरण, भंडारा आणि वैनगंगेचे पात्र, एवढे सगळे त्या एका टाइलमध्ये येते. मात्र ७९ ची रेघ नागपूरच्या पश्चिम अंगाने जाते. त्यामुळे हिंगणा गाव पलीकडच्या टाइलमध्ये पडते. शहर पुरते दिसायचे तर दोन टाइली कराव्या लागतात.

काम पायरीपायरीने चालते. पहिल्यांदा जमिनीच्या उंचीचे आकडे घ्यायचे. आपल्या भागाचे हे आकडे मुख्यतः फेब्रुवारी २००० मधल्या मोजणीवर आधारलेले आहेत. त्या वेळी अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने ११ दिवस रडार फिरवून पृथ्वीची उंची मोजली होती. या आकड्यांवरून प्रोग्राम जमिनीचे त्रिकोणी जाळे विणतो. मग तलाव आणि नद्या कुठे आहेत ते ठरवतो, म्हणजे तिथे पाण्यासारखी चमक येईल. मग चित्रे उतरवतो. २५६ लहान तुकडे जोडून एक मोठे चित्र होते आणि अशी चित्रे त्या जाळ्यावर ताणून बसवली जातात.

चित्र किती जवळून घ्यायचे याच्या पातळ्या असतात. आपल्या अक्षांशावर सोळाव्या पातळीला चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सव्वादोन मीटर. सतराव्याला सव्वा मीटरच्या आत, अठराव्याला अर्ध्या मीटरच्या थोडे वर. एक पातळी वाढवली की चित्रांची संख्या चौपट होते. सतराव्या पातळीला आमच्या एका टाइलला सहाशेच्या आसपास चित्रे लागली आणि सहा जीबीहून अधिक जागा गेली. सगळीकडे अठरावी पातळी घ्यायची म्हटली तर पंचवीस जीबी. एवढी हार्ड डिस्क आमच्याकडे नव्हती. म्हणून सगळीकडे सतरावी आणि फक्त विमानतळाच्या आसपास अठरावी, असा बेत केला. विमान जमिनीजवळ असते ते तिथेच. दुकान बंद करताना कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि सकाळी येऊन पाहायचे. मध्येच लाईट गेली की उरलेले काम दुसऱ्या रात्री.

स्टुडिओचा अनुभव इथे कामी आला. चित्रे वेगवेगळ्या दिवशी घेतलेली असतात. एक पट्टा पिवळट, शेजारचा निळसर. लग्नाच्या अल्बममध्ये हॉलमधले फोटो आणि मांडवातले फोटो एका रंगात आणावे लागतात, तसेच हे काम. आम्ही एकेक चित्र उघडून रंग जुळवले. नाहीतर शेताच्या मधोमध सरळ रेघ ओढल्यासारखी दिसते.

पण खऱ्या चित्राच्याही मर्यादा आहेत. चित्र जमिनीवर सतरंजीसारखे अंथरलेले असते. कोराडीच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या चित्रात उभ्या नसतात, त्यांची सावली तेवढी आडवी पडलेली असते. उभी चिमणी हवी तर ती वेगळी बनवून तिथे ठेवावी लागते. घरे, झाडे आणि हलत्या गाड्या हा वरचा वेगळा थर असतो. रस्त्यावर त्या दिवशी ज्या गाड्या होत्या, त्या चित्रात कायमच्या चिकटून बसतात. सावल्या वायव्येकडे पडलेल्या दिसल्या म्हणजे समजावे, चित्र सकाळचे आहे. पावसाळ्यात ढगांमुळे चित्र नीट येत नाही. म्हणून बहुतेक चित्रे कोरड्या दिवसांतली असतात. सिम्युलेटरमध्ये पाऊस पाडला तरी खालचा विदर्भ उन्हाळ्यातलाच. रात्री चित्र काळे होते, फक्त वरच्या थरातले रस्त्याचे दिवे लागतात.

२०१८ साली टाइल तयार झाली. आम्ही बाबांना पुन्हा बसवले. विमान उठून उत्तरेकडे वळले आणि बाबा स्वतःहून बोलू लागले. डाव्या हाताला अंबाझरी, त्याच्या पुढे फुटाळा. उजव्या हाताला पांढरा गोल ठिपका दिसला आणि कोणी सांगण्याआधी ते म्हणाले, “दीक्षाभूमी!” दर वर्षी त्या गर्दीत आपण सारे चालत जातो, मान वर करून घुमट पाहतो. वरून तो घुमट एवढा स्वच्छ, एकटा आणि गोल दिसतो की शहर ओळखायला तेवढी एक खूण पुरते. विमान चालवणाऱ्याला हेच हवे असते. नजरेने वाट शोधायची तर तलाव, नदी, रेल्वेचे रूळ, मोठा घुमट याच खुणांवर भिस्त असते.

मग त्यांनी आपली वस्ती शोधली. विमानतळापासून जवळच, नाल्याच्या कडेला. आमची दहा बाय बाराची खोली अठराव्या पातळीवर किती ठिपक्यांची झाली असेल? हिशेब केला तर छत्तीस. सतराव्या पातळीवर असती तर नऊ. छत्तीस ठिपक्यांत आमचे सारे घर. पण होते! परदेशी धाटणीच्या घराच्या जागी आमचे गंजलेले टिन होते आणि त्यावर पावसासाठी टाकलेली निळी ताडपत्रीही होती.

२०१९ साली रस्त्याच्या कामात आमची गल्ली उठली. काहींना दुसरीकडे जागा मिळाली, काहींना मिळाली नाही, लोक तीन दिशांना पांगले. त्या कटकटीत दोन-तीन वर्षे सिम्युलेटर बंदच होता. २०२२ साली नवी हार्ड डिस्क घेतली आणि टाइल पुन्हा नव्याने बनवली, कारण चित्रे पुरवणाऱ्या कंपन्या आपली चित्रे अधूनमधून बदलत असतात. या वेळी उतरलेल्या चित्रात आमची गल्ली नव्हती. तिथे रुंद करडा पट्टा होता. आणि रस्ता इतका सरळ की जणू तिथे दुसरे काही कधी नव्हतेच.

जुनी टाइल आमच्याकडे होती. प्रश्न असा पडला की आता कोणती ठेवायची? तुम्ही म्हणाल, यात एवढा विचार कसला, घरातला खेळ आहे. पण आम्हां दोघांत यावरून आठ दिवस वाद झाला. एक बाजू अशी की, जुनेच ठेवावे. साऱ्या जगाने आपले घर पुसले, निदान आपल्या कॉम्प्युटरवर तरी ते राहू द्या. दुसरी बाजू अशी की, मग आपल्यात आणि त्या अंदाजवाल्यात फरक काय? त्याने नसलेली घरे दाखवली, आपणही नसलेलीच दाखवणार.

आम्हांला वाटले होते, बाबा जुन्याच्या बाजूने बोलतील. चाळीस वर्षे ते त्या छपराखाली राहिले. पण त्यांनी दोन्ही चित्रे पाहिली आणि म्हणाले, “जे हाये तेच दाखवा. विमान चालवणाऱ्याले खोटा रस्ता काहाले दाखवता? तो खालच्या खुणा पाहून उतरते. खूण खोटी असली तर मानूस मरते.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “अन् जुनं फेकू नका. ते बी खरंच हाये, फक्त त्या दिवसाचं.”

तीस वर्षे धावपट्टीच्या कडेला राबलेल्या माणसाचे ते उत्तर होते. आमचा वाद तिथे मिटला.

एक्स-प्लेनमध्ये एक साधी यादी असते. कोणते चित्र वर आणि कोणते खाली, हे त्या यादीतल्या ओळींच्या क्रमाने ठरते. आम्ही नवी टाइल वर ठेवली, जुनी खाली. ती एक ओळ वर सरकवली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला की नाल्याकाठची वस्ती परत दिसते. नेहमीच्या उड्डाणाला नवी. कोणी जुना शेजारी आला तर जुनी.

जुने शेजारी येऊ लागले. त्यातूनच पुढचे काम निघाले. आम्ही जुन्या चित्रातला वस्तीचा भाग मोठा करून कागदावर छापला आणि स्टुडिओच्या आतल्या भिंतीवर लावला. येणाऱ्याने आपले छप्पर शोधायचे आणि पेन्सिलीने नाव लिहायचे. सोपे वाटते, पण तसे नाही. माणूस आपले घर दारातून ओळखतो, छपरावरून नव्हे. कोपऱ्यावरच्या आजी पहिल्या दिवशी रडकुंडीला आल्या, “माह्या घरच नाही याच्यात!” मग बाबांनी त्यांना नाल्यावरच्या फरशीपासून मोजायला शिकवले. फरशी, मग पिंपळ, पिंपळापासून चौथे छप्पर. घर सापडले. सायकलवाल्या काकांनी तर दुसऱ्याच्या छपरावर हक्क सांगितला आणि दोन म्हाताऱ्यांत भांडण जुंपले. शेवटी ताडपत्रीच्या रंगावरून निकाल लागला! आजपर्यंत एकेचाळीस छपरांवर नावे आली आहेत. सात अजून कोरी आहेत. त्या घरांतली माणसे कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, ही चित्रे आपल्या मालकीची नसतात. ज्या कंपन्या ती दाखवतात त्यांच्या अटी असतात. आपल्या घरच्या वापरासाठी बनवलेली टाइल विकणे किंवा वाटणे बरोबर नाही, आणि आम्ही ते करीत नाही. अमेरिकेत तिथले शेती खाते पिकांच्या हंगामात विमानातून देशाची चित्रे घेते आणि ती सर्वांना मोफत वापरायला मोकळी असतात. त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांना आपली टाइल उघडपणे वाटता येते. आपल्याकडे इस्रोने २००९ साली भुवन सुरू केले, त्यावर देशाची उपग्रह-चित्रे घरबसल्या पाहता येतात. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशांबाबतचे नियमही सैल केले. आपल्या मुलांनी भुवन जरूर उघडून पाहावे.

दुसरी गोष्ट, असे चित्र म्हणजे घराचा पुरावा समजून कोणी निर्धास्त राहू नये. छप्पर दिसते, पण छप्पर कोणाचे ते दिसत नाही. कराची पावती, विजेचे बिल, रेशनकार्ड, शाळेचा दाखला हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा. चित्र त्यांच्या जागी येत नाही, त्यांच्या सोबतीला फार तर उभे राहते.

आता रविवारी दुपारी स्टुडिओत आसपासची पाच-सहा मुले-मुली जमतात. आम्ही त्यांना विमान उडवायला शेवटी देतो. आधी चित्र वाचायला लावतो. सावली कोणत्या बाजूला, म्हणजे सूर्य कुठे? हा निळा चौकोन पाणी की ताडपत्री? नदी कोणत्या दिशेने वाहते, कशावरून? या छपराला किती ठिपके, म्हणजे किती फूट? गणित आणि भूगोल पुस्तकातून निघून त्यांच्याच घरावर येतात, मग ते अवघड वाटत नाहीत. परवा एका मुलीने विमानतळाच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, “आबा, तुम्ही कुठलं गवत कापायचे?” बाबांनी पट्टी दाखवली. तिने ठिपके मोजले, गुणाकार केला आणि त्यांना सांगितले की त्यांची पट्टी इतक्या मीटरची होती. बाबांनी तीस वर्षे कापले, पण त्याची लांबी त्यांना कोणी सांगितली नव्हती.

जाता जाता, स्टुडिओवाले म्हणून एक विनंती. तुमच्या ट्रंकेत, फ्रेममागे, पाकिटात जुने फोटो असतील. लग्नाचे, शाळेचे, वस्तीतल्या कार्यक्रमाचे. आज संध्याकाळी ते काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावे आणि साल लिहा. पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. भिंतीवरच्या सात कोऱ्या छपरांनी आम्हांला हे शिकवले आहे.